चांगला टायर पुढं

मी आयुष्यभर गाडी चालवली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं भीत भीत चालवली. हे सांगितलं की लोक हसतात. एक जण तर मला तोंडावर म्हणाला, "भित्र्या माणसानं बैलगाडी हाकावी, मोटारीच्या नादी कशाला लागावं?" मी म्हणालो, "बैलगाडीतून शेटलोकांना भोकरदनला नेलं असतं तर बाजार उठून गेला असता. गप बस." पण तो बोलला ते खोटं नव्हतं.

आईच्या पोटातून मी भित्रा आलो नव्हतो. उलट तरुणपणी भलताच आगाऊ होतो. ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, तिथंच गाडी शिकलो. आमच्या वस्तीत लायसन काढणारा मीच पहिला. आईनं ते लायसन बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवलं आणि शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं. वाचता एकीलाही येत नव्हतं, पण माझा फोटो सगळ्यांनी ओळखला. मंग जालन्यातल्या एका मारवाडी पेढीवर जीप चालवायला लागलो. कापसाचा धंदा होता. घरात शेटाणीबाई, त्यांना आम्ही सगळे माजी म्हणायचो, आणि त्यांचे दोन मुलगे. मोठे शेट, म्हणजे माजींचे यजमान, गेल्यावर थोरल्या मुलानं पेढी सांभाळली. धाकटा तेव्हा शाळेत होता.

दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या काळात नवा टायर म्हणजे सोन्याचा. दुकानात नाव लावून ठेवायचं आणि महिना-दोन महिने वाट पाहायची. आमच्या जीपसाठी दोनच नवे टायर मिळाले. आता दोन नवे आणि दोन जुने म्हटल्यावर नवे कुठं लावायचे? जीपच्या मागं माणसं बसायची, कापसाच्या नमुन्याची बोचकी असायची. वजन मागं, म्हणून नवे मी मागं लावले. पुढं राह्यले जुने. त्यातल्या डाव्या टायरच्या बगलेला नखाएवढी चीर होती. ती मी पाहिली होती. बोट फिरवूनही पाहिलं होतं. थोरल्या शेटनी विचारलं, "चालंल ना?" मी म्हणालो, "महिनाभर बिनघोर." ते म्हणाले, "तुला बराबर वाटतं तर बराबर."

पाचव्या दिवशी भोकरदनच्या रस्त्यावर, राजूर ओलांडल्यावर तो टायर फुटला. स्टिअरिंग माझ्या हातात होतं खरं, पण त्याचा उपयोग नव्हता. जीप डावीकडं ओढली गेली आणि फरशीपुलावरून खाली गेली. थोरले शेट डाव्या बाजूला बसले होते. ते जागीच गेले. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. मला कपाळावर सहा टाके पडले, बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी माजींनी मला बोलावलं. पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. एवढंच विचारलं, "कशानं फुटला?"

आता खरं सांगतो. मी रात्रभर त्याच एका प्रश्नाला भीत बसलो होतो आणि उत्तर खिशात घालून आलो होतो. जीपच्या हत्यारांच्या पेटीत लाकडी खोक्यांसाठी ठेवलेले खिळे होते. त्यातला एक मी त्यांच्यापुढं धरला. म्हणालो, "खिळा घुसला, माजी. रस्त्यावर पडलेला व्हता."

त्यांनी तो घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि मूठ मिटली. म्हणाल्या, "जा. जेवून घे." बस्स. मला काढलं नाही, पगार तोडला नाही. पेढीवरचे लोक म्हणाले, माजींचं काळीज मोठं. मी मान हलवली. त्या दिवसापासून मला रस्त्यावर खिळा दिसला तरी मी वाट बदलायचो.

आणि तेव्हापासून माझा एक नियम झाला. चांगला टायर पुढं. जीप असो, ट्रक असो, शेजाऱ्याची टॅक्सी असो, मी आधी वाकून पुढची चाकं पाहायचो. कोणाच्या गाडीला पुढं जुना दिसला की भांडायचो. मागचा फुटला तर गाडी वाकडी होईल, पुढचा फुटला तर माणूस जाईल, असं मी शंभर जणांना शिकवलं असेल. पोरं मला पाहिलं की लांबूनच ओरडायची, "पुढचे नवे हायेत हो!" ओरडा लेको, मी म्हणायचो, ओरडा, पण जिवंत राहून ओरडा.

चार वर्षं अशीच गेली. धाकटे, म्हणजे छोटे शेट, मुंबईहून कॉलेज करून आले. गाडी त्यांना मीच शिकवली होती, म्हणून मला उस्ताद म्हणायचे. अतिशय गोड माणूस आणि वेगाचं वेड. एक दिवस त्यांनी हैदराबादच्या कोण्या जुन्या घराण्यातून एक विलायती गाडी आणली. दोन माणसांची, वर कापडाचं छत, रंगानं हिरवी आणि इतकी बुटकी की आत बसलं की रस्ता ढुंगणाखालून जातो असं वाटायचं. गावानं तिचं नाव बेडकी ठेवलं. ती बाहेर निघाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायचे. मी पण बघायचो, पण मला चाकंच दिसायची. चारही टायर घासून गोटा झाले होते. नक्षी नावाला उरली नव्हती.

त्यात छोट्या शेटनी पैज लावली. वडीगोद्रीचा त्यांचा एक कॉलेजातला दोस्त होता. तो म्हणाला, ही गाडी दाखवायची आहे, पळायची नाही. छोटे शेट म्हणाले, रविवारी सातला जालन्याहून निघतो, पावणेआठला तुझ्या गावात तुझ्यासोबत चहा पितो. हरलो तर गाडी विकून टाकतो. मधे अंबड, रस्ता एका गाडीपुरता, समोरून एसटी आली की एक चाक मातीत उतरवायचं. एसटीला दोन तास लागायचे तिथं. 

"शेट, राहू द्या," मी म्हणालो. "चहा इथं पण मिळतो."

"उस्ताद, तुम्ही फक्त टायरचं बघा," ते हसून म्हणाले. मुंबईहून त्यांनी दोन टायर मागवले होते. रेडियल. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाहेरदेशातल्या जोरात पळणाऱ्या गाड्यांना हेच लावतात म्हणे. बगल मऊ, रस्त्याला टेकणारा भाग पसरट, आणि नक्षी अशी की हात फिरवत राहावंसं वाटावं. पण मिळाले दोनच. बाकीचे दोन मी जालन्यात शोधायचे होते. गाडीला आपल्या टॅक्सीगाड्यांचं माप चालत होतं, तेवढं नशीब.

त्याच दुपारी माजींनी बोलावलं. चार वर्षांनी पहिल्यांदा त्या माझ्याशी गाडीबद्दल बोलल्या.

"मला यातलं काही समजत नाही," त्या म्हणाल्या. "अडवलं तर तो चोरून जाईल, त्याचा बाप असाच होता. टायर तू निवड. चारही तूच निवड आणि तूच लाव. दुसऱ्या कोणाचा हात नको. मला आता एकच आहे."

मी "होय माजी" म्हणालो आणि बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसलो.  माजींना खरं कळलं असतं तर त्यांनी मला टायरला हात लावू दिला असता का? सांगून टाकावं का? सांगितलं असतं तर काम दुसऱ्या कोणाकडं गेलं असतं, आणि दुसरा कोण? जो नखाएवढी चीर पाहून "चालंल" म्हणेल तो. मी उठलो आणि टायर शोधायला गेलो.

नवे मिळाले नाहीत. दुकानदार म्हणाला, नाव लावा, दिवाळीनंतर बघू. दिवाळी तर आठवड्यापूर्वीच झाली होती, म्हणजे गेलं वर्ष. मंग गेलो मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं जुने टायर विकणाऱ्याकडं. त्याच्या अंगणात टायरचा ढीग होता. तिथं मी सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. रबर चढवलेले आधीच बाजूला केले, वेगात त्यांची साल निघते. उरलेल्यांची बगल पाहिली. मंग आत हात घालून चारही बोटं फिरवली. आतला दोरा तुटलेला असेल तर बोटाला खरखर लागते. डोळ्यानं दिसत नाही ते बोटाला कळतं. एकेक टायर तीन-तीनदा पाहिला. बोटं सोलपटली.

"टायर निवडून राह्यला का गहू?" टायरवाला वैतागला. "घ्यायचे तर घ्या ना जल्दी!"

"तुझ्या घरचं कोणी बसनार हाय का गाडीत?" मी खेकसलो.  शेवटी दोन मिळाले. निम्मी नक्षी उरलेली, पण अंग स्वच्छ. चीर नाही, फुगा नाही, खरखर नाही.

आता लावायचे कसे, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. नियम होता ना! रेडियल पुढं लावले, जुने मागं. हवा भरली, नट आवळले, पुन्हा आवळले. आणि शुक्रवारी पहाट सरल्यावर छोट्या शेटना न सांगता गाडी एकटाच घेऊन अंबडच्या रस्त्याला लागलो. म्हटलं आधी आपण मरून बघू.

सरळ रस्त्यावर गाडी अशी पळाली की खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. पुढची चाकं रस्त्याला धरून होती. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक लगेच वळायचं. मनात म्हटलं, वा रे टायर! पुढं एका नाल्याशी रस्ता उजवीकडं वळतो. वळणावर बाभळी, आणि बाभळींच्या पलीकडं खोल खड्डा. मी पन्नास मैलांच्या वेगात वळण घेतलं. नाक वळलं. पण मागचा भाग वळलाच नाही. तो सरळ निघाला, मला ओलांडून पुढं यायला लागला. बाभळी समोरून गेल्या, शेत गेलं, पुन्हा बाभळी आल्या. मी ओरडलो की नाही आठवत नाही. धूळ खाली बसली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला दोन बाभळींच्या मधे उभी होती आणि तोंड जालन्याकडं होतं. उजवं मागचं चाक खड्ड्यापासून हातभर दूर.

समोरून कापसाची बैलगाडी येत होती. गाडीवान जवळ येऊन थांबला, मला आणि गाडीला नीट पाहिलं आणि म्हणाला, "काय ड्रायवरसाब, घरी कायी इसरून राह्यलं काय?"

मी खाली उतरलो आणि बाभळीखाली ओकलो. गाडीवानानं पाणी दिलं. मंग हसला नाही बिचारा.

तिथून तीस मैलांच्या वेगानं थेट चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे टेशनकडच्या रस्त्यावरचे म्हातारे मिस्त्री. निजामाच्या काळात हैदराबादेत त्यांनी बड्या लोकांच्या विलायती गाड्यांवर काम केलेलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचे टायर दाबले, मागचे दाबले आणि कपाळावर हात मारला.

"क्या करा रे तू ये! नवे आगे लगाया?"

"मंग कुठं लावू? नियम हाय माझा."

"नियम गया भाड में." त्यांनी मला खाली बसवलं आणि बैलगाडीचं उदाहरण दिलं, कारण मला तेच कळणार हे त्यांना ठाऊक. उतारावर बैलाला पुढून घट्ट जखडलं आणि मागून भरलेला गाडा रेटला तर गाडा कुठं जाईल? बाजूला. फिरून बैलाच्याच पुढं येईल. हा नवा टायर रस्ता पकडतो, जुना तेवढा पकडत नाही. पकड पुढं जास्त, मागं कमी, म्हणजे वळणावर मागचं सुटणार. चारही एकसारखे असले तर उत्तम. जोडी मोडायचीच असेल तर हे दोन मागं. बिलकुल मागं.

"आन जुने पुढं?" मी उठून उभा राहिलो. "चाचा, पुढचा फुटला तर?"

चाचांना जीपचं ठाऊक होतं, सगळ्या जालन्याला ठाऊक होतं. खिळ्याच्या गोष्टीसकट. त्यांनी चिंधीला हात पुसले. मंग म्हणाले, "फुटा तो फुटा, वो किस्मत. तूने हाथ फिराके देखा है ना? लेकिन ये पीछे से घूमना किस्मत नहीं है बेटा, ये पक्का है."

मी गाडी परत आणली, पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि जॅक घेऊन बसलो. नवे मागं, जुने पुढं. माझ्या जीपला मी अगदी हेच केलं होतं. तेच. चार वर्षं शंभर लोकांना जे करू नका म्हणून भांडलो, ते माझ्याच हातानं, त्याच घराच्या दुसऱ्या मुलासाठी. पुढचं चाक बसवताना रडलोही. लाज कशाची, तिथं पाहायला कोणी नव्हतं. मधेच वाटलं, पुन्हा उलटे लावावेत आणि गाडीत कसलातरी बिघाड करून ती चालूच होऊ देऊ नये. पण एका रविवारी बिघाड केला तर ते पुढच्या रविवारी जातील. आणि तेव्हा टायर कोण बघणार?

शनिवारी अंबडच्या त्याच वळणावर पुन्हा गेलो, त्याच वेगात. गाडी चिखलात रुतल्यागत रस्त्याला धरून राहिली. तरी माझं लक्ष सगळं पुढच्या चाकांच्या आवाजाकडं. परत येऊन त्या दोन जुन्या टायरना रिमवरून उतरवलं आणि आत-बाहेर पुन्हा हात फिरवला. चौथ्यांदा.

संध्याकाळी माजींनी दारातून विचारलं, "लावले?"

"लावले, माजी."

"नवे पुढं ना? तू सगळ्यांना तसंच सांगतोस म्हणे."

मी "होय" म्हणालो. ते दुसरं खोटं. पहिलं इतकं पचलं होतं की दुसरं कधी तोंडातून गेलं ते समजलंच नाही.

रविवारी सकाळी पावणेसातला गाडी दारात उभी. थंडी होती. छोट्या शेटनी गळ्यात मफलर गुंडाळला होता आणि ते लग्नाला निघाल्यासारखे खूश होते. माजी ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, नारळ, चार लिंबं. नव्या चाकांना कुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून न्यायची, ही पद्धत. आमच्या घरात छप्पन्नच्या दीक्षेपासून लिंबू फक्त जेवणात. आईनं एवढं बजावून ठेवलेलं की मी दुसऱ्यांच्या गाडीखाली लिंबू ठेवतानाही नाक मुरडायचो. त्या दिवशी मीच चारही लिंबं घेतली आणि चाकांखाली नीट सरळ ठेवली. ज्याला जे ठाऊक असेल त्यानं ते करावं, म्हटलं, आज कोणाला नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

माजी पुढच्या चाकाशी वाकल्या. कुंकवाचं बोट टायरवर टेकवलं. आणि बोट तिथंच थांबलं.

निम्मी घासलेली नक्षी होती ती. पाच वर्षांच्या लेकराला कळलं असतं की हा नवा टायर नव्हे. माजींनी मान वळवून मागच्या चाकाकडं पाहिलं. तिथं नवीकोरी काळी नक्षी. मंग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.  चाचा, वळण, बाभळी, सगळं सांगायचं होतं, पण मी वाकून आधीच सरळ असलेलं लिंबू पुन्हा सरळ केलं. छोटे शेट आत बसून इंजिन चालू करत होते. त्यांना काही समजलं नाही.

माजींनी पुढच्या दोन्ही चाकांना कुंकू लावलं. मागच्या दोन्हींना लावलं. ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तू बस त्याच्याजवळ."

डाव्या बाजूची जागा. मी बसलो. चारही लिंबं फुटली आणि आम्ही निघालो.

त्या प्रवासाचं काय सांगू?  दोन्ही पाय पुढं रोवलेले, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली. कान डाव्या पुढच्या चाकाला लावलेले. काटा साठवर गेला, मंग सत्तरवर. रस्त्यावर दगड आला की तो टायरला कुठं लागला ते मला दातांत कळायचं. छोटे शेट ओरडून म्हणाले, "उस्ताद, डोळे तरी उघडा!" मी म्हणालो, "तुमचे उघडे हायेत ना, मंग बस झालं." नाल्याचं वळण आलं. मी मनात आईला हाक मारली, माझ्याही आणि त्यांच्याही. छोट्या शेटनी वेग कमी केलाच नाही. गाडी वळली. नाक वळलं आणि मागचं त्याच्या मागोमाग आलं, गपगुमान. बाभळी बाजूनं निघून गेल्या.

वडीगोद्रीला पावणेआठला तीन मिनिटं कमी होती. दोस्त हॉटेलच्या बाकड्यावर घड्याळ घेऊन बसला होता. छोटे शेट त्याच्या गळ्यात पडले. मी खाली उतरून डाव्या पुढच्या टायरशी बसलो आणि त्यावर तळहात ठेवला. गरम होता, पण अंग शाबूत होतं. लोकांना वाटलं मी पाया पडतोय. पडतही असेन.

परत येताना मी हात जोडून सांगितलं, आता चाळीसच्या पुढं नाही, नाहीतर इथंच उतरतो आणि पायी येतो. माझा चेहरा बघून त्यांनी ऐकलं.

माजी दारातच होत्या. दोन तास तिथंच उभ्या होत्या असं नंतर मोलकरणीनं सांगितलं. छोटे शेट त्यांच्या पाया पडले, जिंकलो जिंकलो म्हणत आत पळाले. मी गाडीजवळ उभा राहिलो. माजी पायऱ्या उतरून आल्या.

"त्या दिवशी पण पुढं जुनेच होते ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणि तुला दिसलं होतं."

"दिसलं व्हतं, माजी. नखाएवढी चीर व्हती. मी म्हनालो, चालंल." आणि मंग मला आवरेना. दारात, दिवसाढवळ्या, चाळिशीला आलेला मी माणूस हुंदके देऊन रडलो. "आज मी मुद्दाम... वळनावर मागचं..." काहीबाही बोलत राहिलो. त्यांनी मधे अडवलं नाही. सगळं ऐकलं. मंग पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर खिळा ठेवला. तोच.

"माझं माहेर लोखंडाच्या दुकानातलं," त्या म्हणाल्या. "लहानपणी खिळे मापून द्यायचे मी. हा रस्त्यावर पडलेला नाही. याच्यावर हातोडीची खूण नाही, गंज नाही, टोकाला एक ओरखडा नाही. पेटीतला कोरा खिळा आहे हा. मला त्याच दिवशी कळलं."

"मंग मला ठेवलं कशाला?" मी ओरडलोच. "त्याच दिवशी हाकलायचं ना! आन त्याचे टायर पण माझ्याच हातात दिले?"

"न भिणारे ड्रायव्हर गावात पैशाला पासरी मिळतात," माजी म्हणाल्या. "माझ्या लेकरासाठी रात्रंदिवस भिणारा एकच होता. त्याला कशी काढू?"  तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "माफ केलं असं समजू नको. ते मला जमलं नाही. पण आता हा खिळा तू सांभाळ, मला दुखतो." आणि पायऱ्या चढून आत गेल्या.

आतून छोटे शेट हाक मारत होते, उस्ताद, जल्दी या, शिरा थंड होतोय. मी खिळा मुठीत घेऊन उभा. फेकून द्यावा म्हणून हात उचललाही. पण समोर रस्ता होता, गाड्या येत-जात होत्या, कोणाच्या तरी टायरात गेला असता. मी तो खिशात ठेवला आणि शिरा खायला आत गेलो.